कोपऱ्यातली खुर्ची

९ फेब्रुवारी

शेरीफची पोलीसगाडी चर्चच्या दारात! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि मला वाटलं, कुणाचं तरी कुत्रं हरवलं असेल. आमच्या गावात शेरीफ यायला एवढंच निमित्त लागतं. बर्फ इतका संथ पडत होता की ती गाडीही खरी वाटेना. कुणीतरी पांढऱ्या कागदावर काढून ठेवल्यासारखी.

माझा नवरा व्हर्लिन इथला पाळक. घरी आला तो कोट न काढताच बसला. "ब्रियाला शेरीफनं शाळेतून परस्पर नेलंय," म्हणाला. "मावशीकडे ठेवलंय. बेथनीकडे."

ब्रिया म्हणजे ट्रिनाची मुलगी. तेरा वर्षांची. माझ्या संडे स्कूलच्या वर्गात पुढच्या बाकावर बसते, नखं खाते, वचनं मात्र सगळ्यांच्या आधी पाठ करते. तिनं शाळेच्या नर्सला सांगितलं, की सावत्र बाप खोलीत येतो आणि दार लावून घेतो. क्लेटन. आमचा डीकन! दर रविवारी दानाची थाळी फिरवणारा, सगळ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा क्लेटन.

मी म्हटलं, "पण आत्ता का? तू तर नोव्हेंबरातच फोन केला होतास ना?"

तो बुटांकडे बघत राहिला. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाणी साचलं होतं.

"केला होता," म्हणाला.

१० फेब्रुवारी

फोन आमच्या पंथाच्या मुख्य कार्यालयाला केला होता. शेरीफला नाही, काउंटीच्या बालकल्याण खात्याला नाही. आमच्या मंडळीच्या पाळकांसाठी अडीअडचणीचा एक नंबर आहे. तो उचलतो वकील! आणि वकील म्हणाला, पाळक म्हणून विश्वासात ऐकलंत ना, मग कायद्यानं कुणाला सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. सांगू नका. क्लेटनला बोलावून समज द्या, प्रार्थना करा.

यानं समज दिली. प्रार्थना केली. क्लेटन रडला म्हणे.

आणि मी अख्खा हिवाळा निवांत झोपले. फोन झाला आहे, कुणीतरी बघतं आहे, ही कामं सावकाश चालतात, असं मनाशी धरून. 

१२ फेब्रुवारी

नोव्हेंबरातला तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. येतो तोही धुक्यातून आल्यासारखा, आणि मग एकदम लख्ख.

पाळकानं परक्या बाईबरोबर खोलीत एकटं बसायचं नाही, हा आमच्या मंडळीचा नियम. आमच्या आधीच्या काळात कुठल्यातरी गावी कुणाचा तरी पाय घसरला, तेव्हापासूनचा. म्हणून प्रत्येक पाळकाच्या खोलीत कोपऱ्यात एक खुर्ची असते. पाळकीणबाईंची. माझी तपकिरी आहे, तिचा डावा हात डुगडुगतो. बाई येते, टेबलासमोर बसते, एकदा माझ्याकडे बघते, मी हसते. मग मी विणायला लागते आणि तिच्या लेखी मी उरत नाही.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. लोकर बोटांतून सरकत असते, खिडकीबाहेर तळं असतं, आणि बायकांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येतात. दारुडे नवरे, न राहिलेली पोटं, सासवा. सगळं माझ्या अंगावरून वाहून जायचं. कधी अर्धवट डुलकी लागायची आणि जागी व्हायचे तर बाई बदललेली असायची! मला वाटायचं, हीच माझी सेवा. नसल्यासारखं असणं.

ट्रिना आली तेव्हा कोटाची बटणं चुकीची लागली होती. एक बाजू वर, एक खाली. "पास्टर," म्हणाली, "क्लेटन ब्रियाच्या खोलीत जातो. मी दारात उभी राहून पाहिलंय. आता मी काय करू ते सांगा."

मी निळा हातमोजा विणत होते, अंगठ्यापाशी आले होते. टाका निसटला. मी तो उचललाच नाही. व्हर्लिननं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, ट्रिना टेबलाच्या कडेला घट्ट धरून बसली होती.

ती गेल्यावर मी म्हटलं, "हे आजच्या आज कळवायला हवं." तो म्हणाला, "करतो फोन." आत गेला, दार लावलं. दारापलीकडून त्याचा आवाज येत होता, हळू, आज्ञाधारक. मी हातमोजा पुरा केला. अंगठ्याच्या बुडाशी भोक राहिलं ते राहिलंच. नाताळात ती जोडी ब्रियाला दिली. निळा तिचा रंग.

१७ फेब्रुवारी

स्वप्न. तळ्यावर दरवर्षी गावाची जुनी मोटार ठेवतात ना, इंजिन काढलेली, बर्फ फुटून ती कधी बुडेल यावर पैजा लावायला. स्वप्नात मोटारीच्या जागी माझी खुर्ची. सगळं गाव काठावर कॉफी पीत उभं. मी खुर्चीत विणत बसलेली. खाली बर्फ कण्हतोय. कुणी हाक मारत नाही, कारण कुणाला मी दिसतच नाही.



२१ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयाचा वकील जेवायला होता. मिस्टर हॅलोरन. माणूस गोड. खिमा-बटाट्याच्या माझ्या हॉटडिशचं कौतुक केलं, दोनदा वाढून घेतलं, वरचे भाजलेले बटाटे कसे कुरकुरीत राहतात ते विचारलं. मग रुमालानं ओठ टिपून कामाला लागला.

२ एप्रिलला काउंटीच्या कोर्टात सुनावणी आहे. ब्रिया मावशीकडे राहणार की घरी परत जाणार, ते त्या दिवशी ठरेल. क्लेटन म्हणतो, पोरीचा फोन काढून घेतला म्हणून तिनं हे कुभांड रचलं. ट्रिना म्हणते, मला काही माहीत नाही, मी कधी कुणाला काही बोलले नाही. ट्रिना! म्हणजे पोरीच्या बाजूनं उरतो फक्त पोरीचाच शब्द.

"आणि पास्टर, तुमचं तोंड बंद राहील," हॅलोरन म्हणाला. "पाळकाला विश्वासानं सांगितलेलं कोर्टही विचारू शकत नाही. अट एवढीच, की दोघांतच झालेलं हवं. तिथं आणखी कुणी नव्हतं ना?"

मी कॉफी ओतत होते.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "आम्ही दोघंच होतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता डोळा चुकवेल, कान लाल होतील. इतक्या वर्षांत त्याला खोटं बोलता आलेलं नाही, पत्ते खेळतानासुद्धा. पण तो शांत होता. साखर ढवळत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

कॉफी कपातून बशीत, बशीतून टेबलक्लॉथवर. "अगं, लक्ष कुठंय तुझं?" तो प्रेमानं म्हणाला.

२२ फेब्रुवारी

भिंतीलाही कान असतात म्हणतात. मग मी भिंतीच्याही खाली?

२८ फेब्रुवारी

किराणा दुकानात ट्रिना भेटली. भेटली कसली, कडधान्यांच्या फळीआड लपायला बघत होती, मी आडवी गेले. वाळलीये. बरोबर क्लेटन नव्हता, तरी दाराकडे बघत बोलत होती.

"पाळकीणबाई, तुम्ही त्या दिवशी विणत होता."

"हो."

"विणताना काही ऐकू येत नाही तुम्हाला. सगळ्या बायका म्हणतात. पाळकीणबाई आपल्याच तंद्रीत असतात म्हणून."

 तिनं माझा हात धरला. हात गार होता.

"क्लेटन म्हणतो, सगळं सुरळीत होईल. ब्रिया घरी आली की आम्ही तिला घोडा घेऊन देणार आहोत." मग एकदम, लहान मुलीसारखं म्हणाली, "तुम्ही काही ऐकलं नाहीत ना?"

ती नेमकं काय मागत होती? ऐकलं नाही म्हणा, हे? की ऐकलंय म्हणा? तिचे डोळे एक सांगत होते आणि तोंड दुसरंच. मी वाटाण्याचा डबा उचलला आणि घरी आले. आमच्या घरी वाटाणा कुणी खात नाही.

६ मार्च

बेथनीकडे गेले. व्हर्लिनला सांगितलं, आजारी माणसाला भेटायला जाते. बेथनीनं दारातच अडवलं. "पाळकांनी पाठवलंय का? तसं असेल तर आल्या पावली परत जा."

म्हटलं, "कुणी नाही पाठवलं. मीच आलेय."

ब्रिया मागच्या अंगणात होती. बर्फाचा किल्ला करत होती, एवढी मोठी पोरगी. हातात निळे हातमोजे. थंडी मोडायला आली होती, छपरावरून थेंब पडत होते आणि सगळं अंगण चमकत होतं. मी तिच्याबरोबर बसून बर्फाच्या विटा थापल्या.  मला वाटलं, असंच राहावं, किल्ला व्हावा, आत जाऊन बसावं, दार बुजवून घ्यावं.

मग ती म्हणाली, "याला अंगठ्यापाशी भोक आहे. वारा शिरतो."

"दे, शिवून देते."

"नको. मी त्यातून बोट बाहेर काढते." काढून दाखवलं. मग विटेकडे बघत म्हणाली, "आई म्हणाली होती, पास्टरना सांगितलंय. आता ते बघतील, थोडं थांब. मी थांबले. दर रविवारी मला वाटायचं, आज ते मला बाजूला बोलावतील. ते फक्त दारात हात मिळवायचे. सगळ्यांशी मिळवतात तसा."

मी म्हटलं, "मला माहीत होतं बाळा."

"तुम्हाला कसं?"

"मी तिथं होते. खुर्चीत."

ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मग वीट ठेवली आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. मी गाडीत बसून रडले. माझी काय चूक, माझी काय चूक, असं म्हणत रडले, आणि रडू थांबेना.

११ मार्च

व्हर्लिनशी बोलले. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी असं बोलले नव्हते.

म्हटलं, "त्या खोलीत मी होते."

"होतीस ना."

"मग दोघंच होतो असं का सांगितलंस?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "तू म्हणजे मीच ना आर्लिस. दोघं एकदेह होतील, असं शास्त्रात आहे. आपल्या लग्नातलंच वचन." हसला. "डाव्या हाताला कुणी वेगळं मोजतं का?"

हसला तो प्रेमानंच. हा माणूस वाईट नाही, हे मला लिहून ठेवायचंय. म्हाताऱ्या ओल्सनबाईंचा जिना दर बर्फाला हाच साफ करतो. माझ्या आईला शेवटच्या दिवसांत यानं भरवलंय. आणि याच माणसानं एका वकिलाचं ऐकून पोरीला त्या घरात ठेवलं आणि दर रविवारी तिच्याशी हात मिळवला.

म्हटलं, "ती घरी गेली तर?"

"देव तिला सांभाळेल."

"नोव्हेंबरपासून कुठं सांभाळलं?"

त्यावर त्याचा चेहरा उतरला. "मी माझ्या मनानं काहीच केलं नाही गं. त्यांनी सांगितलं तसं केलं." मग हळूच, "मी शब्द मोडला तर उद्या कुणी बाई माझ्याकडे येऊन तोंड उघडेल का?"

  प्रश्न खोटा नाही त्याचा.

१४ मार्च

व्हर्लिनची जबानी झाली. शपथेवर. काउंटीच्या वकीलबाईंनी विचारलं, हॅलोरननं हरकती घेतल्या. काय बोलणं झालं ते यानं सांगितलं नाही. खोलीत आणखी कुणी होतं का, एवढ्याचं मात्र उत्तर दिलं. नव्हतं.

घरी आला, सूप प्यायला, लवकर झोपला. लहान मुलासारखी गाढ झोप.

१५ मार्च

डाव्या हातानं लिहून पाहिलं. जमतं. वाकडं येतं, पण वाचता येतं.

१९ मार्च

ग्रंथालयातून काउंटीच्या वकीलबाईंना फोन केला. मिसेस लिंडक्विस्ट. आवाज थकलेला, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. मी म्हटलं, "मी पास्टर व्हर्लिन यांची बायको. ट्रिना बोलली तेव्हा मी तिथं होते."

"तिथं म्हणजे? घरात? शेजारच्या खोलीत?"

"त्याच खोलीत. खुर्चीत."

त्यांनी कागद चाळले. मग, "बाई, तुमच्या नवऱ्यानं शपथेवर सांगितलंय की तिथं कुणी नव्हतं."

"तो खोटं बोलला नाही. त्यानं मला मोजलंच नाही."

 बाळाचा आवाज थांबला. "तुम्ही तिथं बसलाच का होता?"

मी नियम सांगितला. सगळ्याच गावांत असतं असं, प्रत्येक पाळकाच्या खोलीत एक खुर्ची. आमच्यात कुणाला त्यात काही विशेष वाटतच नाही, म्हणून कुणी बोललं नाही एवढंच. त्यांना मात्र विशेष वाटलं. दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "चर्च विरोध करेल. न्यायाधीश तुम्हाला बोलू देतील याची खात्री मी देत नाही. आणि घरी तुम्हाला जड जाईल."

"घरी मला डावा हात म्हणतात," मी म्हटलं. त्यांना ते काय कळणार!

फोन ठेवला आणि मासिकांच्या खोलीत बसून राहिले. उन्हाचा एक चौकोन गालिच्यावरून सरकत माझ्या बुटांपर्यंत आला. कितीतरी दिवसांनी पाय ऊबदार वाटले. व्हर्लिनला आजच सांगायचं ठरवलं. चोरून काही करायचं नाही.

त्याच दिवशी, पुढे

सांगितलं. त्यानं हातातला टॉवेल घडी करून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केली. मग विचारलं, "आर्लिस, मी काय वाईट वागलो तुझ्याशी?"

म्हटलं, "माझ्याशी नाही."

२७ मार्च

गावाला कळलं. आमच्या बाकावर आता ऐसपैस जागा असते! रविवारच्या उपासनेत माझ्या शेजारी बसायला कुणी आलं नाही. ओल्सनबाई तेवढ्या आल्या, पण त्यांना कमी दिसतं.

उपासनेनंतर कॉफीच्या वेळी मंडळीतलीच एक, जिनेल, मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आता आपण काही सांगायचं म्हणजे पाळकीणबाईंच्या सुया आधी तपासाव्या लागतील बाई." हसल्या सगळ्या. मीसुद्धा हसले, सवयीनं. घरी येऊन राग आला.

पण एक सांगते, कुणी ना कुणी तरी माझ्याकडे बघत होतं. इतकी वर्षं कुणी बघत नव्हतं.

३१ मार्च

स्वप्नात ट्रिना पाण्याखाली बसून बोलत होती. ओठ हलत होते, बुडबुडे वर येत होते. एकेक बुडबुडा वर येऊन फुटला की त्यातून शब्द ऐकू यायचा. मी काठावर बसून शब्द वेचून परडीत ठेवत होते. परडी गळकी होती. सगळे शब्द हळूहळू पुन्हा पाण्यात.

२ एप्रिल

कोर्ट लहानसं. खिडक्यांतून तळं दिसतं. बर्फ राखाडी झालाय, मोटार एका बाजूला कललीये. मी साक्षीसाठी उभी राहायच्या आधीच हॅलोरन उठला.

म्हणाला, ही पाळकांची बायको, त्यांच्या सेवेचाच भाग, तिनं ऐकलेलं म्हणजे पाळकांनीच ऐकलेलं. तेही गुप्तच.

न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत होत्या. वयानं माझ्याएवढ्या. मला विचारलं, "तुम्हाला मंडळीनं दीक्षा दिलीये?"

"नाही."

"तुम्ही त्या खोलीत कुणाला सल्ला देता?"

"नाही."

"तुम्हाला कुणी काही विचारतं?"

आठवून बघितलं. "एकदा एकीनं रुमाल मागितला होता." मागे कुणीतरी हसलं. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

मग त्यांनी व्हर्लिनला उभं केलं. "पास्टर, तुम्ही जबानीत म्हणालात, खोलीत आणखी कुणी नव्हतं."

"ही माझी बायको आहे, युअर ऑनर."

"ते मला दिसतंय. ती होती की नव्हती?"

"होती. पण—" तो अडखळला.

"ती तिथं कशासाठी बसते?"

व्हर्लिननं हॅलोरनकडे पाहिलं. हॅलोरननं नको म्हणून मान हलवली, पण व्हर्लिन शपथेवर होता, आणि विचारलेल्याचं उत्तर देणं त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. म्हणाला, "नियम आहे. उद्या कुणी आळ घेतला तर खोलीत काय झालं ते सांगायला कुणीतरी हवं. म्हणून साक्षीला असते ती."

बोलून गेला. आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. मी त्याचा चेहरा बघितला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला तिथं कुणीतरी दुसरं दिसलं. मला त्याची फार फार दया आली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "मग ती साक्षच द्यायला आलीये. मिस्टर हॅलोरन, बसा खाली."

मी सांगितलं. कोटाची चुकलेली बटणं, टेबलाची कड, ट्रिनाचे शब्द जसेच्या तसे. मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं, इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं? म्हटलं, अंगठ्यापाशी होते, टाका निसटला. बेथनीशेजारी ब्रिया बसली होती. तिनं खिशातून हातमोजा काढला, घातला, आणि भोकातून बोट बाहेर काढलं. मला दाखवायला. बाकी कुणाला कळलं नाही.

क्लेटन छताकडे बघत होता. ट्रिना खाली. माझं बोलून झाल्यावर कुणीही काही न विचारता ट्रिना उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हणाले होते. त्या म्हणतायत तेच मी म्हणाले होते." क्लेटनच्या वकिलानं तिचा दंड धरून ओढलं तरी ती बसेना.

३ एप्रिल

ब्रिया मावशीकडेच राहणार. क्लेटनला दुपारी शेरीफ घेऊन गेला. मी दिवसभर झोपले, अंगात ताप असल्यासारखी.

९ एप्रिल

व्हर्लिनला मुख्य कार्यालयानं महिनाभर घरी बसवलंय. मी साक्ष दिली म्हणून की तो खरं बोलला म्हणून, ते काही सांगत नाहीत. तो जुन्या रेडिओची दुरुस्ती काढून बसतो. आज जेवताना म्हणाला, "सगळ्या गावांना निरोप गेलाय. पाळकांच्या बायकांनी आता बाहेर बसायचं. दाराला काच बसवणार आहेत. दिसेल, पण ऐकू येणार नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "खुर्च्या काढायला माणसं फिरतायत."

"आपली?"

"आपली मी काल घरात आणून ठेवली." खरंच आणलीय. माझ्या खिडकीशी, तळ्याकडे तोंड करून. डुगडुगणारा हात त्यानं स्क्रू मारून पक्का केलाय.  मी अजून तिच्यात बसलेले नाही.

आज ट्रिना बेथनीकडे गेली होती म्हणे. ब्रियानं दार उघडलं नाही. पायरीवर बसून परत गेली. उद्या पुन्हा जाणार आहे.

१४ एप्रिल

मोटार बुडाली. सकाळी बर्फ कडाडला, काठावर आरडाओरडा झाला, मी खिडकीशी जाईपर्यंत तळं निळंशार आणि रिकामं! पैज कुणी जिंकली कोण जाणे. बघत बघत मी खुर्चीत कधी बसले तेही कळलं नाही.

तेवढ्यात फोन. वरच्या खोऱ्यातल्या गावची पाळकीणबाई, मर्ना. वार्षिक मेळाव्यात एकदा पंगतीत शेजारी बसलो होतो, तेवढीच ओळख. आवाज दबका.

"आमची खुर्ची न्यायला माणसं आलीयेत. खाली व्हॅनमध्ये चढवतायत," म्हणाली. मग आणखी हळू, "आर्लिसबाई, मी विणत नसे. मी शेंगा सोलत बसायचे. पण ऐकलंय मीही. दोन घरांचं. यांनीही तेव्हा मुख्य कार्यालयालाच फोन केला होता."

फोन कुठं करायचा, ते मी तिला सांगितलं.